माझ्या स्वयंपाकघरात बोंबील

आमच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपला असायच्या. त्या घालणारा पुरुष फेब्रुवारीत गेला, तरी चपला तिथेच होत्या. ही कल्पना माझी नव्हे, दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंची. काकू आता निवृत्त डॉक्टर आहेत. अमेरिकेतल्या आमच्या या बॉथेल गावात मराठी माणूस औषधालाही सापडत नव्हता तेव्हापासून त्या इथे राहतात. दहाव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "एकटी राहणार आहेस ना? मग त्याच्या चपला बाहेर राहू देत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, घरात माणूस आहे."

आमच्याकडे येणार-जाणार कोण, तर पार्सलवाला आणि खारी. पण मी होकार दिला. खरं म्हणजे मला त्या चपला उचलायच्याच नव्हत्या, काकूंनी आयतं कारण दिलं. तपकिरी, चामड्याच्या, टाचेकडे झिजलेल्या. इथल्या ओल्या हवेत त्यांना बुरशी यायची. दर रविवारी मी ती फडक्याने पुसायची आणि चपला पुन्हा जोडीने, बोटं रस्त्याकडे करून ठेवायची.

घरात माणूस नव्हता, पण बोका होता. करडा, एका कानाचा शेंडा फाटलेला. लेकीने शाळेत असताना हट्ट करून प्राण्यांच्या शेल्टरमधून आणला. मग ती कॉलेजला गेली, तिथून नोकरीसाठी जर्सी सिटीला गेली आणि बोका आमच्या गळ्यात पडला. माझ्या नव्हे, नवऱ्याच्या. त्या दोघांचं सख्य जमलं ते बोंबलांवरून.

मी पुण्याची, सात पिढ्यांची शाकाहारी. नवरा मालवणचा. लग्न ठरलं तेव्हाच मी अट घातली होती, की माझ्या स्वयंपाकघरात मासे शिजणार नाहीत. त्याने ती पाळली, कुरकुर न करता. माझी नणंद आमच्या भारताच्या दर खेपेला सुके बोंबील पाच-पाच पिशव्यांत गुंडाळून द्यायची, तरी बॅग उघडली की माझ्या साड्यांना वास यायचाच, आणि मी दोन दिवस अबोला धरायची. ते बोंबील गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये जायचे. शनिवारी दुपारी तो घरामागच्या लाकडी डेकवर कॅम्पिंगची शेगडी मांडायचा, स्वतःचा वेगळा तवा काढायचा आणि भाजत बसायचा. डिसेंबरातसुद्धा, जाकीट आणि कानटोपी घालून. बोका घराच्या कुठल्याही कोपऱ्यात झोपलेला असो, पहिला बोंबील तव्यावर पडला की काचेच्या दाराशी हजर.

काच किती का बंद असेना, वास आत यायचाच. मग मी हातातलं काम टाकून धावायची आणि गॅसवरचा, वास बाहेर फेकणारा फॅन फुल्ल करायची. हा बाहेरून माझ्या आवाजाची नक्कल करायचा, "फॅन लाव, फॅन लाव!" आणि बोक्याला म्हणायचा, "चल रे, आपण अस्पृश्य इथेच जेवूया."

मी हसायची. आता वाटतं, हसायला नको होतं, दार उघडायला हवं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या वादळाची दोन दिवस आधीपासून बोंबाबोंब चालली होती. वारा या वेळी पूर्वेकडून येणार, असं सगळे बजावत होते. इथली उंचच उंच फरची झाडं दक्षिणेच्या वाऱ्याला सरावलेली, भलत्या बाजूने धक्का बसला तर मुळासकट आडवी होतात. काकूंनी फोन करून पाणी भरून ठेव, फोन चार्ज कर, असं सगळं सांगितलं. मी सगळं केलं आणि दुपारी साडेतीनला आमटीला फोडणी घातली. फॅन चालू होता. तो जुना, खटक्याचा फॅन एकदा कण्हला आणि थांबला. लाइट गेले.

पाऊण तासात अंधार पडायला लागला. वारा असा की घराची लाकडं कुरकुरत होती. तेवढ्यात पुढच्या दारावर काहीतरी थाडकन आपटलं. खिडकीतून पाहिलं तर चपला जागेवर नव्हत्या. एक पायरीवर उलटी पडली होती, दुसरी हिरवळीवरून रस्त्याकडे घसरत चालली होती.

माझं वय छप्पन्न. शहाणीसुरती बाई, वादळात बाहेर पडू नका हे दोन दिवस ऐकत असलेली. तरी मी दार सताड उघडून, पायात काही न घालता, चपलेमागे धावले. पायरीवरची मिळाली. दुसरी अंधारात कुठे गेली ते कळलंच नाही. मी परत वळले तोच शेजारच्या झाडाची फांदी कडाडकन मोडून खाली आली आणि उघड्या दारातून करडं काहीतरी माझ्या पायांना घासून सुसाट निघून गेलं.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. एक चप्पल हातात धरून मी पायरीवर उभी होते आणि "बोक्या, बोक्या" म्हणून ओरडत होते. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

टॉर्च घेऊन घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. डेकखाली पाहिलं, गाडीखाली पाहिलं. काकूंच्या खिडकीतून टॉर्चचा झोत माझ्यावर पडला आणि लगेच फोन वाजला. "आधी आत जा! तुझ्यावर झाड पडलं तर त्या मांजराला शोधणार कोण?" काकूंशी वाद घालायची सोय नसते. मी आत आले.

मग लेकीचा फोन आला. आमच्याकडची बातमी तिने तिकडे पाहिली होती.

"आई, तू बाहेर का गेलीस? इन अ विंडस्टॉर्म? फॉर व्हॉट?"

"चपलांसाठी."

कुणाच्या, हे तिने विचारलं नाही.

"तिकडे कायोटी आहेत, आई, मांजरं पळवतात," ती म्हणाली. "प्लीज फाइंड हिम. ही वॉज बाबाज् कॅट."

शेल्टरच्या कागदावर तिचं नाव होतं. पण ती म्हणत होती तेच खरं. नवरा गेल्यानंतरही बोका रोज साडेपाचला गराजकडच्या दाराशी जाऊन बसायचा, तो कामावरून यायच्या वेळेला. मी सुरुवातीला त्याला हाकलायची. मग मीही चहाचा कप घेऊन जवळच्या स्टुलावर बसायला लागले. अर्धा तास. दार उघडणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, एवढाच काय तो फरक. घरात त्याची वाट पाहणारे आम्ही दोघे होतो. एकटीने वाट पाहणं मला जमणार नव्हतं.

घड्याळात पाहिलं तर साडेपाच वाजून गेले होते. गराजच्या दाराशी कुणी नव्हतं.

तिथेच मला जुन्या फ्रिजमधलं ते पाकीट आठवलं. शेवटच्या खेपेचे सात-आठ बोंबील. नवरा गेल्यापासून तीनदा मी ते कचऱ्यात टाकायला म्हणून बाहेर काढलं होतं आणि तीनदा परत ठेवलं होतं. ते संपले की संपले. नणंद आता कुणासाठी पाठवणार?

डेकवर शेगडी लावून पाहिली. काडी विझायची, पुन्हा विझायची. चार काड्या गेल्यावर मी त्याचा तवा उचलून आत आणला आणि माझ्या गॅसवर ठेवला. काडेपेटी देवघरातली होती. देवाने काय म्हणायचं ते म्हणावं.

बोंबील भाजायचे कसे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण तीस वर्षं मी काचेआडून पाहत होते. डोकं मोडायचं, आच मंद ठेवायची, वाकडा व्हायला लागला की उलटायचा. माझ्या हातांना हे सगळं येत होतं याचं मला आश्चर्य वाटलं. डेककडचं काचेचं दार मात्र भिंतीच्या आडोशाला होतं, ते मी वीतभर सरकवलं.

वास उठला. तो घरभर भरला, माझ्या केसांत, पडद्यांत, देवघरात. आणि मला नवरा दिसला. काही चमत्कार नव्हे, रोजच्यासारखाच दिसला, जाकीट आणि कानटोपीत, काचेपलीकडे पाठ करून वाकलेला. मला त्याची इतकी आठवण आली की गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले. फेब्रुवारीनंतर लोकांसमोर रडले होते, काकूंपाशी रडले होते. पण त्याला उद्देशून एक शब्द बोलले नव्हते.

"आत ये ना," मी दाराच्या फटीतून म्हटलं. "बाहेर थंडी आहे. आतच भाज आता."

लेकीला मी नंतर सांगितलं, बोक्याला हाक मारली.

पाचवा बोंबील तव्यावर होता तेव्हा तो आला. भिजून अर्धा झालेला, अंगभर फरच्या झाडाच्या सुया चिकटलेल्या. फटीतून आत शिरला आणि माझ्याकडे न पाहता ओट्याखाली येऊन बसला. मी काटे काढून एकेक तुकडा जमिनीवर ठेवत गेले, तो खात गेला. मी चव घेतली का? खोटं कशाला सांगू, तेवढं धाडस झालं नाही. पण हात मात्र बराच वेळ धुतले नाहीत. खाऊन झाल्यावर बोका काचेशी जाऊन डेककडे तोंड करून बसला. तो कुणाला शोधत होता ते मला विचारावं लागलं नाही. मी दार लावलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी काकू थर्मासमध्ये चहा घेऊन आल्या. आम्ही दोघींनी रस्त्यावर, झुडपांत, पडलेल्या झाडाच्या फांद्यांत चप्पल शोधली. मिळाली नाही. घरात पाऊल टाकताच काकूंचं नाक वर गेलं.

"बोंबील? तुझ्या घरात?"

"बोक्यासाठी."

"हं," काकू म्हणाल्या. त्या स्वतः कट्टर शाकाहारी. अर्धा तास बसल्या, चहा प्यायल्या, आणि खिडकी उघड असं एकदाही म्हणाल्या नाहीत. निघताना दाराच्या आतल्या बाजूला ठेवलेली एकटी चप्पल त्यांनी पायाने जरा सरळ केली.

लाइट तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आले नाहीत. घर गारठलं होतं. मी दोन स्वेटर चढवून, बोक्याला मांडीवर घेऊन बसायची. खिडक्या बंद, दारं बंद. वास हळूहळू विरत होता. पहिल्या दिवशी सगळ्या घरात होता, मग फक्त खालच्या मजल्यावर, मग स्वयंपाकघरात शिरलं की. तेवढा तरी राहावा म्हणून मी तिथे उदबत्तीही लावली नाही.

मी वरच्या मजल्यावर होते तेव्हा लाइट आले. फ्रिज सुरू झाला, हीटर सुरू झाला, आणि त्यांच्या वर चढून आणखी एक घरघर ऐकू आली. फॅन. फोडणीच्या वेळी लावलेला, फुल्लवर, खटका तसाच राहिलेला.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. कोपऱ्यावर गुडघा आपटला. बोका माझ्यामागे धावला. मी हात उंचावून खटका खाली ओढला आणि तशीच उभी राहिले. तीस वर्षं मी हा फॅन लावायला धावत आले होते. बंद करायला पहिल्यांदाच.

पाती फिरायची थांबली. बोका ओट्याखाली उभा राहून नाक वर करून हुंगत होता. मीही हुंगलं.

"आहे रे," मी त्याला म्हटलं. "आहे अजून थोडा."