लेडीज रूमचा पंखा

मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं ते माझ्या गुणांमुळे नव्हे. कॉलेजच्या ऑफिसातले बाकीचे क्लार्क पुरुष होते, ते परीक्षेच्या कामात अडकलेले होते, आणि प्राचार्यांचं मत असं की मागायचं काम बायकांना चांगलं जमतं. हे त्यांनी माझ्या तोंडावर, हसत हसत सांगितलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सरकारी अनुदानावर फार विसंबू नका, आपापल्या माजी विद्यार्थ्यांना गाठा, त्यांच्याकडून देणग्या उभ्या करा, असा वारा तेव्हा सगळीकडे सुटला होता. तो बारामतीला आमच्यापर्यंत पोचला आणि माझ्या टेबलावर ‘माजी विद्यार्थी संपर्क’ अशी पाटी आली. पगार तोच राहिला.

ट्रेनिंग एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. एसी इतका की मी पदर गळ्याभोवती गुंडाळून बसले होते. शिकवायला मुंबईचे एक गृहस्थ, टाय लावलेले, प्रोजेक्टरवर प्लास्टिकचे कागद ठेवून भिंतीवर बाण आणि गोल दाखवत होते. मग त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. एकानं देणगीदार व्हायचं, दुसऱ्यानं देणगी मागायची. मागताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, रक्कम आपण बोलायची आणि नंतर गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला, म्हणे. मी मनात म्हटलं, बाबा, माझ्याबरोबर एकदा इंदापूरच्या बाजूला चल. तिथं एखाद्या तात्यांच्या ओट्यावर बसून बाईमाणसानं त्यांच्या डोळ्यांत बघत रक्कम सांगायची आणि गप्प बसायचं! तात्याही गप्प बसतील, संध्याकाळपर्यंत बसतील, आणि वर चहा पाजून वाटेला लावतील. उंटावरून शेळ्या हाकायचं काम चाललं होतं सगळं.

पण त्या माणसाच्या दोन गोष्टी मला पटल्या, हे सांगायला पाहिजे. एक म्हणजे, जो तुमच्या वर्गात बसला तो तुमचा विद्यार्थी, मग तो पास झाला असो की मधूनच गेला असो. आणि दुसरी, देणाऱ्याचं नाव त्याला जसं हवं तसंच घ्या. त्यात चूक केलीत तर पुन्हा त्याच्या दारात जाऊ नका. मी मान डोलावली. परतीच्या एसटीत मला पहिल्या वाक्यावरून एकच माणूस आठवत होतं, माझी थोरली बहीण. आक्का.

आमचं माहेर भवानीनगरच्या अलीकडचं. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, मग पाटाचं पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरं गेली. त्या घरातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी म्हणजे आक्का. रोज एसटीनं बारामतीला यायची. परतीची गाडी दुपारी उशिरा असायची, तोवर मुलींनी लेडीज रूममध्ये थांबायचं. वर पत्रा, आत चार बाकं, आणि पंखा नाही. उन्हाळ्यात वहीनं वारा घेत बसायचं. आक्का म्हणायची, तितं बसून तव्यावरल्या भाकरीगत भाजून निघायचो आमी. पण ती खोली तिला आवडायची. तिथं ती हसायला शिकली, असं ती एकदा म्हणाली होती.

दुसऱ्या वर्षाला असताना सोमेश्वरनगरच्या बाजूचं स्थळ आलं. बागायती, घरचा ट्रॅक्टर, कारखान्याला उसाची वाहतूक. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. वडील पाहुण्यांना म्हणाले, परीक्षा तेवढी होऊ द्या. त्यावर दाजी, म्हणजे आक्काचे मिस्टर, बैठकीत सगळ्यांसमोर बोलले, “शिकून काय कलेक्टर व्हायचंय व्हय?” सगळे हसले. वडीलही हसले. मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि ते हसणं मी कुणालाही माफ केलेलं नाही, वडिलांनासुद्धा. परीक्षा राहिली. पुढे मी शिकले, त्याच कॉलेजात नोकरीला लागले. आक्का कधी बोलली नाही, पण माझ्या घरी आली की कॉलेजचं विचारायची. लेडीज रूमला पंखा बसला का गं?

नाही, म्हणायचे मी. बसला नव्हताच.

आता मेळावा घ्यायचं ठरलं आणि मी आक्काला बोलवायचं म्हटलं, तर प्राचार्य म्हणाले, “त्या पदवीधर कुठं आहेत? माजी विद्यार्थी कशा होतील?” तेव्हा मी पुण्याच्या टायवाल्याचं पहिलं वाक्य त्यांच्या पुढ्यात टाकलं. कॉलेजनंच खर्च करून मला ते ऐकायला पाठवलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. मग अर्ध्यातून गेलेल्या सगळ्यांनाच बोलावणी गेली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, या नोकरीत एक तरी काम धड झालं.

मी आक्काकडे बोलावणं घेऊन गेले तेव्हा ती गोठ्यात होती. लग्नात वडिलांनी तिला दोन शेळ्या आंदण दिल्या होत्या. आमच्यात शेळ्यांचा पैसा बाईचा. त्यात नवरा, सासरा कुणी हात घालत नाही. आक्कानं त्या दोन शेळ्यांचं खांड, म्हणजे चांगला कळपच, केलं होतं. ती म्हणाली, “पंखा मी देती. ह्या टायमाची बोकडं इकली की घिऊ. पर एक हाय.”

“काय?”

“माईकवर माझं नाव पुकारायचं. हजेरीत व्हतं तसं. माहेरचं.” मग जरा लाजून म्हणाली, “त्या कॉलेजात माझं नाव परत एकदा निघू दे की गं.”

मी म्हटलं, निघंल. शब्द दिला मी तिला.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. आक्का तर रेशनच्या दुकानातही शेजारणीला पुढं करते, सांग गं ह्यांचं नाव. लग्नात नाव घे नाव घे म्हणून बायकांनी किती छळलं, तरी हिचं तोंड उघडलं नव्हतं. तिला नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही, आणि नवऱ्याच्या नावाशिवाय तिला कुणी ओळखत नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा रेशनच्या रांगेत उभं करायला पाहिजे.

मेळावा कॉलेजच्या पटांगणात, मांडव घालून झाला. माईक खेळाच्या सरांच्या हातात. त्याला कारण होतं. आमच्या पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, आहेर पुकारायला हेच सर. अमक्या गावचे तमके पाव्हणे यांच्याकडून, असा आवाज लागला की मांडव शांत व्हायचा. मी प्रत्येक देणगीदाराचं नाव चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं. आक्काची चिठ्ठी देताना बोट ठेवून सांगितलं, “सर, हे असंच वाचायचं. माहेरच्या नावानं.” सर म्हणाले, “ताई, काय काळजी करू नगा.”

दाजी पहिल्या रांगेत बसले होते. बाई एकटी कशी येईल, म्हणून तेही आलेले, गुलाबी फेटा बांधून. या कॉलेजच्या आत त्यांचं ते पहिलंच पाऊल. आक्का मागे बायकांच्या बाजूला, तिच्या जुन्या वर्गमैत्रिणींत. नवी साडी नेसली होती. लेडीज रूमची चिठ्ठी आली तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीच्या कडेवर येऊन बसली.

सरांनी चिठ्ठी बघितली. मग पहिल्या रांगेकडे बघितलं. आणि घसा साफ करून पुकारलं, “सोमेश्वरनगरचे प्रगतशील बागायतदार, श्रीमान...” पुढं दाजींचं पूर्ण नाव, आडनावासकट, “यांच्याकडून लेडीज रूमला एक पंखा सप्रेम भेट! त्यांनी स्टेजवर येऊन सत्कार स्वीकारावा.”

दाजी एक क्षण गडबडले, ते मी बघितलं. त्यांना माहीत होतं. शेळ्या कुणाच्या, बोकडं कुणाची, पंखा कुणाचा, सगळं त्यांना माहीत होतं. तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग ते उठले, फेटा चाचपला आणि गेले वर. आयत्या बिळावर नागोबा. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाला. ज्या माणसानं तिला परीक्षेला बसू दिलं नाही, त्याचा त्याच कॉलेजानं सत्कार केला, तिच्याच पैशात.

आक्का अर्धी उठली होती. मग तिनं वाकून खुर्ची जरा मागं सरकवली, जणू त्यासाठीच उठली होती, आणि खाली बसली. सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळ्या थांबायच्या आत मी स्टेजच्या मागं जाऊन सरांना धरलं. सर शांतपणे म्हणाले, “आवो ताई, पाव्हणं म्होरं बसल्यालं, आन् त्येंच्यासमोर त्येंच्या बायकूचं नाव पुकारायचं? तेबी माहेरचं? लोक म्हणतील सोडचिठ्ठी झाली काय. बरं दिसतं का?”

“मी लिहून दिलं होतं तुम्हांला.”

“लिवलं व्हतं खरं. पर आमी मान राखला.”

कुणाचा मान, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. ते वाईट माणूस नव्हते, हेच जास्त चिडवणारं होतं. आपण एका घराची अब्रू वाचवली याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, “देणगीदार खूश आहे ना? मग झालं.” मी म्हटलं, देणगीदार मागं बसलीय. ते म्हणाले, “एकच की हो ते.” एकच! पुण्याला एसीत बसून मी जे शिकले होते त्याचा नारळ फुटला होता, आणि प्रसाद वाटून लोक जेवायला निघाले होते.

ते एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आमच्याकडे पंखा दिला की पात्यावर नाव रंगवतात. देवळात, शाळेत, दवाखान्यात, मान वर केली की देणारा दिसलाच पाहिजे. मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर पंखा बसला होता, आणि पेंटरनं तिन्ही पात्यांवर लाल रंगात दाजींचं नाव गावासकट घातलं होतं. जसं पुकारलं तसं रंगवलं, म्हणाला. खेळाच्या सरांनी मांडवात उच्चारलेला शब्द आमच्याकडे सातबाऱ्यासारखा पक्का.

मी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी पर्समध्ये घालून आधी आक्काकडे गेले. तिला सांगितलं, पुसून टाकते. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “पुसू नगस. ह्येंच्या कानावर जाईल. मला हितंच ऱ्हायाचंय.” मग म्हणाली, “वारा येतोय न्हवं पोरींना?”

येतो, म्हटलं मी, आणि बाटली तशीच घरी आणली. माझा राग तेव्हा तिच्यावरही निघाला. तू बोलत का नाहीस, म्हणाले मी तिला, आणि जेवण न करता निघून आले. ती बोलली असती तर तिला कुठं राहायला नेणार होते मी? तरी राग आला तो आला.

पुढच्या वर्षी ट्रेनिंगला कॉलेजनं खेळाच्या सरांना पाठवलं. स्टेजवर त्यांचं छान जमतं, म्हणून. ते तिथून फाइल आणि बॅग घेऊन आले.

मग मला एक उपाय सुचला. पंखा फिरत असला की पात्यावरचं नाव वाचता येत नाही, नुसतं एक तांबडं कडं दिसतं. सकाळी आल्या आल्या मी लेडीज रूममध्ये जायचे आणि रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर ठेवायचे. थंडीत पोरी कुडकुडायच्या, मी म्हणायचे, स्वेटर घाला. प्राचार्यांनी लाइटबिलाबद्दल टोकलं तर सांगितलं, देणगीदाराची तशी इच्छा आहे. फक्त लाइट गेली की माझा इलाज संपायचा. पंखा हळूहळू थांबायचा आणि दाजी डोक्यावर दिसायला लागायचे. आणि आमच्याकडे लाइट जायची ती रोजच.

एकदा आक्का बाजाराला आली होती, तशी कॉलेजात आली. मी तिला लेडीज रूममध्ये बसवलं. तिच्या वेळचं एक बाक अजून होतं, ती नेमकी त्यावरच बसली. परतीच्या एसटीची वाट बघणाऱ्या पोरी होत्या, त्यांच्याशी हिच्या गप्पा सुरू झाल्या. कुठली गं तू, कितवीला गं तू. हसत होती. मी किती वर्षांनी तिला तशी हसताना बघत होते. आणि लाइट गेली.

पंखा थांबत आला. पोरींतली एक मान वर करून मोठ्यानं ते नाव वाचायला लागली, तिन्ही पाती, पहिल्या अक्षरापासून आडनावापर्यंत. मग आक्काकडे वळून म्हणाली, “मावशी, तुमी सोमेश्वरनगरच्या न्हवं? हे कोण हायती हो?”

आक्कानं वर बघितलं. शांतपणे सगळं वाचलं. जन्मभर ज्याचं नाव तोंडात घेतलं नाही, ते तिथंही तिनं घेतलं नाही.

“कोण की बाई,” ती म्हणाली. “मला न्हाय ठावं.”

आणि पिशवीतली एक जुनी वही काढून त्या पोरीला वारा घालायला लागली.