भोकाचा पैसा नाहूरला नेताना

देवगडहून निघालेली एस.टी. खाडीचा पूल ओलांडून मानखुर्दला शिरली आणि देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या वासानं मी खडबडून जागा झालो. मुंबईनं माझं असंच स्वागत करायचं ठरवलेलं असावं. हात आधी खिशाकडे गेला. भोकाचा पैसा (ब्रिटिश अमदानीतला, मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा) जागेवर होता. आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाच्या करगोट्यात (कमरेच्या काळ्या दोऱ्यात) तो ओवतात. माझ्या ताईनं तो तिच्या लेकीला, सुनंदाला, बांधला होता. ताई आता नाही. सुनंदाच्या मुलाचं नाहूरला बारसं होतं आणि पैसा पोचवायची जबाबदारी माझी.

घाटकोपरला मुलुंडची बस धरली. कंडक्टरला चिल्लर दिली, तर त्यानं त्यातलं एक नाणं डोळ्याला लावलं.

"काका, ह्यातून मुलुंड दिसतं काय?"

मी ओशाळलो. शेजारच्या कोळणीनं पैसा त्याच्याकडून घेऊन माझ्या मुठीत कोंबला. "नीट ठेव रं दादा. तांबा हाय त्यो. आताचं पैसं म्हंजे नुसता पत्रा."

खरंच होतं. ॲल्युमिनियमचे पैसे खिशात आहेत की नाहीत, ते चाचपूनच बघावं लागतं.

नाहूरला दोघंही उतरलो. तिच्याकडून ओले बोंबील घेतले आणि पलीकडचे हिरवे डोंगर बघत सुनंदाची चाळ गाठली. गावाहून नेलेली आमसुलं कालवणात पडली. त्यातल्याच एकानं सुनंदानं पैसा घासला, तसा काळपट पैसा लालबुंद झाला. तो खिडकीत वाळत ठेवून आम्ही कालवण-भाकरीवर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी बारशाला बायका जमल्या आणि पैसा गायब! गाद्या उलथ्यापालथ्या झाल्या, कावळ्यावरही आळ घेऊन झाला. एका शेजारणीनं सुचवलं, "आताच्या पैशाला भोक पाडू या ना."

"आईचा तांब्याचा होता!" म्हणत सुनंदा रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिचा नवरा वसंत पेढे घेऊन आला. गिरणी बंद पडेपर्यंत तो फिटर होता आणि घरातला एकही स्क्रू अजून सैल राहू देत नाही. मी त्याला खिडकीतल्या पैशाचं विचारलं.

"मामा, खिडकीतला वायसर म्हणता काय? तो मी सकाळीच पाळण्याच्या वरच्या बोल्टला घातला. जाम कुरकुरत होता ना! झकास बसला."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. नटाखाली लालसर कडा चमकत होती.

"अहो, तुम्ही म्हणजे ना!" सुनंदा रडता रडता हसली.

वसंत खजील होऊन पान्हा घेऊन स्टुलावर चढला. सुनंदानं पाळण्यात डोकावलं. रात्रभर किरकिरलेलं पोर एवढ्या गोंधळात गाढ झोपलं होतं.

"उतरा खाली," ती हळूच म्हणाली. "करगोटा नुसताच बांधू. आई राहू दे तिथंच."

परतीच्या एस.टी.त सवयीनं खिसा चाचपला. ॲल्युमिनियमच्या चिल्लरीखेरीज काही लागेना, तसं क्षणभर काळजात धस्स झालं. मग आठवलं आणि बरं वाटलं. आमची ताई नातवाचा पाळणा धरून आहे.