कोंडा चाळलेलं माल्ट

आमच्या यांना घरी बीअर करायचा नाद लागला तो इकडे परदेशात, शुगर लँडला घर घेतल्यावर. गराज मिळालं ना! मग गाड्या बाहेर उन्हात आणि आत यांची पिंपं. मी त्या बीअरचा थेंब कधी तोंडात घातला नाही, पण वास पडद्यांनासुद्धा लागलेला. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, एवढं मला ठाऊक होतं. ते हे स्वतःच दळायचे, बादलीवर बसवलेल्या छोट्या हातयंत्रात. कुणाला शिवू द्यायचे नाहीत. त्यावरून आमची भांडणं व्हायची, आणि चांगली दणदणीत व्हायची.

मग यांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल. आलंही, पण एका शब्दापुरतं: चालेल. आमटीत मीठ नाही? चालेल. माझी मालिका लावू? चालेल. भेटायला येणारी मुलं म्हणायची, काकू, काका किती शांत झालेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शांत कसले डोंबलाचे! मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा माणूस होता हा. मला माझा नवरा परत हवा होता, आणि घरात कुणी भिडस्त पाहुणा राहायला आला होता.

एका शनिवारी गराज आवरताना आजारापूर्वी आणलेली माल्टची पिशवी सापडली. करू या का बीअर, मी विचारलं. चालेल, म्हणाले. यंत्राचा दांडा फिरवायचा तर हातात जोर हवा, म्हणून दळायचं काम मी आपण होऊन घेतलं. त्यात काय एवढं? पुण्याहून हौसेने आणलेली घरघंटी होती की. निम्मं माल्ट घेतलं, सगळ्यात बारीक जाळी लावली आणि मन लावून दळलं. वर मैद्याच्या चाळणीने चाळून कोंडा कचऱ्यात टाकला. मऊसूत पीठ परातीत घेऊन गराजमध्ये गेले. कौतुक होईल असं वाटलं होतं.

यांनी पिठात बोट घातलं. कोंडा कुठाय, विचारलं. टाकला, म्हटलं.

"टाकला? अगं, बीअर करायचीय की भाकऱ्या थापायच्यात?"

शब्द अडखळत होते, पण थांबत नव्हते. दाणा नुसता फुटायला हवा, टरफल अख्खं राहायला हवं, त्या टरफलांतूनच तर रस गाळून खाली येतो. या पिठाची गरम पाण्यात खळ होईल, कागद चिकटवायला. हॉस्पिटलमधून आल्यापासून हे एवढं बोलले नव्हते. मी आपली परात धरून उभी.

मग खुर्चीचा हात धरून उठले. उरलेलं माल्ट मला यंत्रात ओतायला लावलं आणि डाव्या हाताने दांडा फिरवायला लागले. यंत्र डगमगत होतं, दाणे जमिनीवर सांडत होते. मी मदतीला पुढे झाले तर माझा हात झटकला. म्हणाले, "हात लावू नकोस. तुला यातलं ओ की ठो कळत नाही."

मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांनी माझ्या घरात माझा नवरा बोलत होता. पण हे घाबरले. दांडा सोडला, चेहरा पडला, आणि पुन्हा त्या पाहुण्याच्या आवाजात पुटपुटले, सॉरी.

"खबरदार सॉरी म्हणालात तर," मी डोळे पुसत म्हटलं. "ओरडा माझ्यावर. अजून ओरडा."

यांनी डावा हात परत दांड्यावर ठेवला.

"बादली तरी सरळ धर," ते म्हणाले.