टाचांचे फोड आणि विहिरीतला समुद्र

नागपूरला समुद्र नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तरीही पंच्याहत्तर सालच्या आसपास माझा मेहुणा प्रल्हाददादा नौदलातून सुट्टीवर आला आणि त्यानं मला पोहायचे रबरी पंख भेट दिले. पायात चढवायचे, काळे, लांबलचक, बदकाच्या पंजांसारखे!

"आमचे पाणबुडे घालतात, जवाईबापू," दादा म्हणाला. "पण उघड्या पायावर घालू नका, टाचेले रबर घासते. आतून पातळ मोजे घाला. पहिले थोडाच वेळ घाला. आन् जमिनीवर तर बिलकूल चालू नका!"

मी मान डोलावत होतो. पण 'पाणबुडे' हा शब्द ऐकला तेव्हाच मी पाण्याखाली गेलो होतो. सगळीकडे हिरवट उजेड, आणि मासे बाजूला सरून मला वाट देत होते! (मी कचेरीत आवक-जावक विभागात होतो. तिथं मला कोणी वाट देत नसे.)

दादा परत गेला. त्याच दुपारी मी अंगणातल्या बाजेवर पालथा पडलो आणि अनवाणी पायांत पंख चढवून हवेत पाय मारू लागलो. डोळे मिटले. वाऱ्यानं कडुनिंब सळसळला की लाट आल्यासारखं वाटायचं.

"काहून वं कुसुम," घरमालकीण शांताबाईंचा आवाज आला, "तुह्या नवऱ्याले झटके काहून येऊन राहिले?"

"पोहून राहिले ते," माझी बायको शांतपणे म्हणाली.

मग पंख ओले करून पाहावेत म्हणून मी तसाच नळापर्यंत फटक-फटक चालत गेलो. आणि परतही आलो! संध्याकाळी दोन्ही टाचांवर बोराएवढे फोड टरारले होते.

"दादानं सांगतलं ते ऐकलं नाही का तुम्ही?" कुसुमनं विचारलं.

"ऐकलं ना!"

"काय सांगतलं?"

मी खूप आठवून पाहिलं. "समुद्र खोल असतो."

आता माघार घेणंही शक्य नव्हतं. काटोल रोडवरच्या संत्र्याच्या बागेत माझ्या सासऱ्यांची मोठी विहीर होती आणि जावई पंख लावून पोहणार, हे त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या बागांत सांगून ठेवलं होतं. ठरलेल्या रविवारी कुसुमनं माझ्या टाचांवर मऊ कापडाच्या पट्ट्या बांधल्या आणि वर पातळ मोजे चढवले. "आता घासणार नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण मला तेवढ्यानं धीर येईना. तिची पाठ वळताच मी मोज्यांवर खोबरेल तेल ओतलं. बाटलीभर!

मी उडी मारली.

काय सांगू! पहिल्याच झटक्याला मी सरसर खाली गेलो. तोच हिरवा उजेड, तीच शांतता. टाचा जराही दुखत नव्हत्या. उलट पाय अगदी हलके वाटायला लागले. (का नाही वाटणार? पंख सुळकन निसटून वर निघाले होते!) मी तरंगत तरंगत एका दगडी कपारीखाली वर आलो, कान पाण्यात बुडवले, डोळे मिटले आणि समुद्रात पडून राहिलो.

काठावरच्या मंडळींना मात्र दिसले पाण्यावर डुलणारे दोन पंख. जावई गायब!

"बापू गेले नं!" कोणीतरी ओरडलं. सासऱ्यांनी धोतरासकट उडी घेतली. पाठोपाठ शेजारच्या बागेतले दोन गडी. माझ्या अंगावर लाट आली. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर सासरे बुडी मारत होते. माझं पोहणं पाहून म्हाताऱ्यालाही हुरूप आला, असं वाटून मी कौतुकानं म्हणालो, "वा मामाजी! मस्त वाटून राहिलं ना?"

मामाजींनी माझे केस धरले आणि मला पायऱ्यांपर्यंत ओढत नेलं. वर कुसुम ढसाढसा रडत होती. मला धडधाकट पाहताच तिनं डोळे पुसले आणि हातातली तेलाची रिकामी बाटली मला फेकून मारली. नेम चुकला, ही सासरवाडीची मेहेरबानी.

सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळीला मात्र त्यांनी मला पाटावर बसवलं, टिळा लावला आणि बैलाच्या गळ्यात बांधतात तशी नवी कोरी पितळी घंटा माझ्या हातात दिली.

"पाण्यात उतरसान तवा बांधत जा," ते म्हणाले. "कुठं हाय ते तरी समजंन."

सगळे हसले. मीही हसलो. मग कोणी पाहत नाही असं बघून ती गळ्यात बांधून पाहिली. अगदी शोभून दिसत होती!