मुखपृष्ठावरची बाई आणि भाताचं शीत

नातवंडांनो, तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरातला चमचा जागचा हलला तरी जाब विचारणारी बाई आहे मी. तरीही हे लिहितेय.

तुमचे आजोबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. इथल्या हिंदी मुलखातल्या, आपल्या इंद्रपुरी वसाहतीच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दरवर्षी तेच रंगवायचे. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई, हातात ताट. एका वर्षी तिचा चेहरा चुकून सेक्रेटरींच्या बायकोसारखा झाला, तर बाकीच्या बायका मंडळाच्या फराळाला फिरकल्याच नाहीत! तेव्हापासून ते चेहरा सगळा मनानेच रचत. "जगात नसलेली बाई काढतो, म्हणजे कटकट नाही," म्हणायचे.

त्यांच्या शेवटच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र जेवणाच्या टेबलासमोर टांगलेलं होतं. सई, ते तुला टोरंटोला हवं होतं. "आजी, बाळाच्या पाळण्यावर लावणार. आजोबांच्या हातचं आमच्याकडे काहीच नाही गं." मी कबूल केलं.

पाठवायचं म्हणून एका सकाळी पुसायला घेतलं, तर काचेच्या आत लाल मुंग्या. फक्त तिच्या ओठांवर. फ्रेम उघडली. ओठ ओले, बुळबुळीत... आणि कोपऱ्यात भाताचं शीत. अर्धवट चावलेलं.

शुगरमुळे माझ्या घरात तांदूळच येत नाही.

कामवाली रामकली डोकावली. "अम्माजी, इसको भात किसने खिलाया?"

"बकवास मत कर. कपड़ा ला."

तिने फडकं लांबूनच टाकलं. "जूठा मुँह है. मैं नहीं छूती."

मग मीच पुसलं. टी. टी. नगरच्या फ्रेमवाल्याकडून चारी बाजू टेपने बंद करून आणल्या. दोन दिवसांनी पुन्हा मुंग्या. या वेळी काचेला आतून लगदा चिकटलेला — दाढेखालून काढल्यासारखा. फ्रेम उघडताच असा आंबूस भपकारा आला, की मी बेसिनकडे धावले.

"आई, रंगात डिंक असतो, मुंग्या लागणारच," सई, तुझा बाबा फोनवर म्हणाला.

"मुंग्या मान्य. आणि भात?"

त्याने माझ्या शुगरचा आकडा विचारला.

मेलेल्याचं भूत होतं म्हणतात. त्याला निदान पान वाढता येतं, पिंड देता येतो. ही तर कधी जगलीच नव्हती. हिला कुणाच्या नावाने वाढायचं?

काल अंगणात मी ते चित्र जाळलं. त्यांनी ओढलेल्या रेघा वाकताना पाहिल्या. हात साबणाने कितीदा धुतले, तरी अजून किळस जात नाही.

सई, तू रागावशील. रागाव. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि तुला द्यायला आता आजोबांचं चित्रही नाही. पण ते खाणारं तोंड तुझ्या बाळाच्या पाळण्यावर टांगायला मी माझ्या हाताने पाठवणार नव्हते.