वंदनाची खोडलेली ओळ

वंदना आदर्श गृहिणी नव्हती. तिचा भात हमखास करपायचा.

आज तिला जाऊन वर्ष झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माईकवरचे साहेब मात्र उलटंच सांगत होते. आदर्श गृहिणी, आदर्श सून, सदा हसतमुख.

अशा ठिकाणी उठून भांडू नये, एवढं मला कळतं. म्हणून इथे लिहिते.

वंदना आमच्या शेजारची सून. माहेर आमगावचं. लग्नाआधी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती, नंतर गोंदियात घरून काम करायची. तिच्या सासूच्या भाषेत, "दिवसभर कम्प्युटरपुढं बसून राहते."

बसून काय करते, हे विचारणारी गल्लीत मी एकटी. रिटायर्ड बाई, वेळच वेळ.

जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही फुकट वापरू देतात, असा एक डेटाबेस आहे. त्यात तिला एक बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडला होता. उत्तर लवकर मिळावं म्हणून जोडलेला प्रत्येक कम्प्युटर माहितीची एक प्रत कॅश मेमरीत आपल्याजवळ ठेवतो. मूळ माहिती बदलली की "जुनी प्रत टाकून द्या" असा निरोप सगळ्यांना जातो. एखाद्याला तो पोचतच नव्हता. मग तो जुनंच खरं धरून चालायचा.

"का नाही पोचत?" मी विचारलं.

"काकू, आपल्या स्टेशनवर गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला. अनाउन्समेंट झाली. पण एक माणूस नेमका तेव्हाच पुलावर होता. त्याले ऐकूच नाही आलं. उतरला, अन् उभा जुन्याच प्लॅटफॉर्मवर."

"मग?"

"काही नाही जी. उतरल्यावर त्यानं एकदा विचारावं, मी पुलावर होतो तेव्हा काही सांगितलं काय? एवढंच टाकलं मी कोडमध्ये."

एवढंच. त्यासाठी कित्येक महिने गेले, कारण तो पुलावरचा माणूस दर वेळी सापडत नाही. त्याला शोधताना भात करपायचा.

तिने डेटाबेसवाल्यांना मेल पाठवला. उत्तर नाही.

पुन्हा पाठवला. नाही.

मग मला दाखवला. इंग्रजीत होता, पण होता तहसीलदाराला द्यायचा अर्ज. आदरणीय महोदय, मी नम्रपणे निवेदन करते की. बग तिसऱ्या परिच्छेदात. शेवटची ओळ, आपला अमूल्य वेळ घेतला, क्षमा असावी.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला फापटपसारा कापायला शिकवलंय. मी पेन घेतलं.

"माफी कशाला मागून राहिली?"

"अनोळखी माणसं आहेत, काकू. बरं दिसत नाही."

"गाडी त्यांची चुकून राहिली आणि माफी तू मागतेस? ती ओळ खोड."

खोडली. उरलं ते असं: हे करा, ते करा, बग दिसेल. का दिसतो ते हे. दुरुस्ती सोबत जोडली आहे.

या वेळी उत्तर आलं. शंका आल्या, वाद झाला. पोरगी माफी न मागता भांडली, आणि दुरुस्ती त्यांनी घेतली.

मग त्यांनी विचारलं, श्रेय कोणत्या नावाने द्यायचं?

ती आमच्या ओट्यावर आली. "यांचं नाव देऊ काय? घरी बरं वाटेल."

"भात तू जाळला आणि नाव त्याचं?"

इतकी हसली की सासू बघायला बाहेर आली.

नाव तिचंच गेलं. पूर्ण. आजही त्या डेटाबेसच्या इतिहासात आहे, कुणीही उघडून बघावं. माईक हातात घेण्याआधी साहेबांनी गल्लीत एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले होते. बोलताना तिला दम लागायचा.

"काकू, तुम्हाला लई त्रास दिला जी. माफ करा."

मी म्हटलं, "ती ओळ खोड."

तिने माझ्या तळहातावर बोटाने एक आडवी रेघ मारली.

वंदना, भात करपू दे. मी आहे सासूला समजवायला.

निवांत राहा.