साहेबांचे दात

आमच्या मजल्यावर, माझ्या अगदी समोरच्या दारात, कवळीकाका राहतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण काकूसुद्धा फोनवर ‘मी कवळीकाकांची मिसेस बोलतेय’ असं सांगतात, त्यामुळे खऱ्या नावाची चौकशी पोस्टमनखेरीज कुणी करत नाही.

गेली चौतीस वर्षं हा माणूस दात करतो आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात, त्यावरून ओतलेला प्लॅस्टरचा जबडा पिशवीत घालून, वर नंबर टाकून, काकांकडे पाठवतात. काका त्यावर आधी मेणात आणि मग पक्क्या मालात कवळी उभी करतात. हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत चालतं. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीने जबडे. नवा माणूस आत आला की थोडा वेळ तोंड घट्ट मिटून बसतो. गंमत अशी की इतक्या जबड्यांत वावरलेल्या काकांनी जिवंत तोंडात कधी बोट घातलेलं नव्हतं. पेशंट डॉक्टरांचा आणि जबडा काकांचा, अशी वाटणी होती. माणसं त्यांना चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. पण एखाद्या समारंभात कुणी मोकळेपणाने हसलं, की काका माझ्या कानाशी लागतात, “बाई, ही आपली. खालची जरा अरुंद होती.”

स्वभाव कमालीचा अबोल. काकू म्हणायच्या, दिवसाला दहा वाक्यं, त्यांतली चार चहाबद्दल. जे काही सांगायचं ते काका लिहून सांगत. प्रत्येक कवळीच्या डबीत त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी असे: ‘पहिले पंधरा दिवस मऊ खावे.’ चौतीस वर्षांत त्यांनी जगाला एवढा एकच उपदेश केला, पण तो अगदी मनापासून.

दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याची बाहेरची खोली नवी करून घेतली आणि तिथली माशांची टाकी निघाली. बाकीचे मासे कुणी कुणी नेले. उरला एक फुगा मासा. लिंबाएवढा, हिरवट पिवळ्या पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरंशुभ्र. घाबरला की पाणी गिळून चेंडूसारखा फुगणारा. त्याला कुणी नेत नव्हतं, कारण शेजाऱ्यांच्या शेपट्या कुरतडायची त्याला खोड होती. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या बाईंनी तो टाकीसकट काकांच्या गळ्यात घातला आणि बजावून सांगितलं, पाण्यात मापाने समुद्री मीठ घाला आणि खायला गोगलगायी द्या, कवचासकट.

काकूंनी गोगलगायींना दारातच अडवलं. “या घरात जबडे आले, मी बोलले नाही. मासा आला, बोलले नाही. गोगलगाय येणार नाही.”

काकांनाही ते पटलं, पण वेगळ्या कारणाने. एवढ्याशा जिवाला टणक कवचं फोडायला लावायची, हे त्यांना निर्दयपणाचं वाटलं. मग काकू कोळंबी सोलू लागल्या, काका कात्रीने तिचे तांदळाएवढे तुकडे करू लागले, आणि चिमट्याने एकेक तुकडा भरवू लागले. कुणाच्याही लेकराचे झाले नसतील इतके त्या माशाचे लाड सुरू झाले.

त्याचं नाव ‘साहेब’ पडलं. त्याचे दोन डोळे वेगवेगळे फिरायचे. एक समोरच्या माणसावर आणि दुसरा थेट भिंतीवरच्या घड्याळावर. कुणी टाकीजवळ गेलं की साहेब काचेशी येऊन, आज उशीर का, अशा मुद्रेने बघायचे.

आणि या साहेबांपुढे काका बोलायला लागले. संध्याकाळी कामाची मोटर बंद झाली की ते टाकीसमोर स्टूल ओढायचे आणि दिवसभराचं सांगत बसायचे. कुठला जबडा वाकडा आला, डॉक्टरांनी कशाला नावं ठेवली, लहानपणी तळ्यात पडल्यापासून आपल्याला पोहण्याची कशी धास्ती बसली. काकू स्वयंपाकघरात कोळंबी सोलत असायच्या. एकदा माझ्याकडे येऊन त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षांत मला कळलं नाही बाई, यांना पाण्याची भीती वाटते. माशाला आठवड्यात कळलं.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं खरं. पण संध्याकाळी त्या वेळात काकूंच्या घरात मिक्सर लागेनासा झाला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

असे सात-आठ महिने गेले आणि साहेब बिघडले. आधी रंग उतरला. हिरवी पाठ राखाडी दिसू लागली, पांढऱ्या पोटावर मळकट छटा आली. शेपटी एका बाजूला दुमडून ते कोपऱ्यात बसून राहायचे. पोट आत गेलं. चिमट्यात कोळंबी दिसली की लगबगीने यायचे, तुकडा तोंडाशी धरायचे आणि सोडून द्यायचे. पुन्हा धरायचे, पुन्हा सोडायचे. मग दोन्ही डोळ्यांनी काकांकडे बघत राहायचे.

काकांनी आधी पाण्यावर संशय घेतला. माशांच्या दुकानदाराकडे बाटलीतून पाणी नेलं. त्याने तपासून सांगितलं, पाणी उत्तम आहे, आणि वर एक निळं औषध पुढे केलं. कशावरचं, असं काकांनी विचारलं, तर तो म्हणाला, सगळ्यावरचं. काका औषध न घेता परत आले. इमारतीतल्या मंडळींनीही आपापली निदानं केली. निवृत्त कंपाउंडर म्हणाले, गॅस असणार. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, एकटेपणा. त्याला जोडीदार आणा. त्यांना शेपट्यांची हकीकत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग नको.

साहेबांचं खाणं बंद होऊन नऊ दिवस झाले. काका अजूनही संध्याकाळी स्टुलावर बसत, पण गप्प. आजाऱ्यापुढे आपल्या कटकटी कशाला मांडायच्या, असा त्यांचा विचार. त्या दिवशी दुपारी काकू माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “मासा गेला तर मला वाईट वाटेल, नाही असं नाही. पण हे परत दहा वाक्यांवर येतील हो. आणि मला आता सवय झालीय ऐकायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांचं कामाचं भिंग उचललं आणि टाकीसमोर ठाण मांडलं. मी तेव्हा माझी खालची कवळी घासून घ्यायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

“अहो,” काकू म्हणाल्या, “याचं तोंड मिटत नाहीये. वरचा दात खालच्यावर उतरलाय, खिडकीवरच्या छज्ज्यासारखा.”

काकांनी कामावरून मानही वर केली नाही. “दाताचं काही नसणार. त्याला दात आहेत.”

ते थट्टा करत नव्हते. चौतीस वर्षं त्यांच्याकडे फक्त दात नसलेली माणसं पोचली होती, आणि दात आहेत म्हणजे सगळं ठीक, असा त्यांचा हिशेब पक्का झाला होता. काकूंनी भिंग त्यांच्या हातात कोंबलं तेव्हा कुठे ते उठले. काचेला नाक लावून दहा मिनिटं बघत राहिले. साहेबांचे दात पोपटाच्या चोचीसारखे होते, पण वरची चोच खाली वाकून खालच्या ओठापर्यंत आली होती. तोंड जेमतेम मोहरीएवढं उघडत होतं. हा प्राणी आजारी नव्हताच. तो भुकेला होता, आणि त्याला घास घेता येत नव्हता.

काकांनी रिसेप्शनच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मग काय होणार, या माशाचे दात नखांसारखे जन्मभर वाढतात, कवचं फोडली की झिजतात. म्हणून तर गोगलगायी सांगितल्या होत्या.

काकांनी फोन ठेवला. “मी त्याला मऊ खाऊ घातलं,” ते म्हणाले.

“सोललं मी,” काकू म्हणाल्या.



दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांना हसू आवरेना. फुगणाऱ्या पेशंटला हात लावायची माझी तयारी नाही, म्हणाले. पण त्यांनी एका जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. हे गृहस्थ संध्याकाळी स्वतः आले. आडवा-तिडवा देह, आवाज मोठा, तळवे पोळपाटाएवढे. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि निदान बरोबर आहे असं सांगितलं. टब टाकीच्याच पाण्याने भरायचा, लवंगेचं तेल थोड्या पाण्यात खूप घुसळून थेंबाथेंबाने त्यात घालायचं, मासा गुंगला की ओल्या फडक्यात धरायचा. कल्ले पाण्यातच ठेवायचे, नाहीतर तो हवा गिळून फुगेल आणि ते जिवावर बेतेल. तोंडाचं टोक तेवढं वर काढून दात कापायचे. मग त्यांनी आपले हात पुढे करून दाखवले. “मी गाईंची बाळंतपणं करतो. हे तुम्हालाच करावं लागेल. मी शेजारी उभा राहतो.”

“मी जिवंत तोंडात कधी हात घातला नाही,” काका म्हणाले. दिवसातलं ते त्यांचं पाचवं-सहावं वाक्य असावं.

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी. त्यापुढे थांबू नका.

काकांनी ती संध्याकाळ कामात घातली. मेणाचा एक साहेब बनवला, ठिपक्यांसकट. त्याला कवळीच्या मालाची चोच बसवली आणि तार कापायच्या बारीक कात्रीने ती छाटली. मग दुसरी बसवली. अशा सहा चोची झाल्या. सहाव्या वेळी कात्री अचूक लागली, पण मेणाचा मासा हातातून निसटून माझ्या पायाशी पडला. काकू म्हणाल्या, खऱ्याला मी धरेन.

सकाळी टबात लवंगेचा वास सुटला. साहेब आधी डुलले, मग एका कुशीवर कलले. काकूंनी त्यांना फडक्यात घेतलं. कोळंबीला इतके महिने ज्या निर्विकारपणे त्या हातात घेत होत्या, तसा आज त्यांचा चेहरा नव्हता. डॉक्टर घड्याळ धरून उभे राहिले. काकांनी कात्री उचलली आणि त्यांचा हात थरथरू लागला. कवळ्या करणारा तो हात कापताना मी पहिल्यांदा पाहिला. डॉक्टर घड्याळाकडे बघून खाकरले.

“बोला त्याच्याशी,” काकू हळूच म्हणाल्या. “रोज बोलता तसं.”

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं. म्हणजे तुला ऐकू जात होतं, असं त्या नजरेत होतं. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि साहेबांना सांगायला सुरुवात केली. काल एक जबडा आलाय, वर नंबरच नाही. कुणाचा म्हणून विचारायचं? मी एकेकाला फोन करून, तुमचा जबडा हरवलाय का, असं विचारू का? बोलता बोलता हात थांबला, म्हणजे थरथरायचा थांबला. कट् असा आवाज झाला. नखाच्या टोकाएवढा तुकडा टबात पडला. पुन्हा एकदा कट्. डॉक्टर म्हणाले, बास, सोडा.

स्वच्छ पाण्यात साहेब तीन मिनिटं निपचित होते. काका मात्र बोलतच होते, थांबायचं त्यांना सुचत नव्हतं. मग कल्ले हलले. शेपूट उलगडली. एक डोळा काकांवर आला, दुसरा काकूंवर, आणि साहेब रागाने टम्म फुगले. डॉक्टर म्हणाले, फुगायला ताकद लागते. ही चांगली खूण आहे, पण आता त्याला छेडू नका.

त्या दिवशी साहेबांनी काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडलेल्या कोळंबीचा एक मऊ तुकडा गिळला, मग दुसरा. चार-पाच दिवसांत पोट भरून आलं आणि पाठीवर हिरवा रंग परतला. त्यानंतर गोगलगायींचा प्रश्न निघाला. बागेतल्या देऊ नका, रोग आणतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग काकूंनी स्वतःच माशांच्या दुकानातून सात-आठ गोगलगायी आणल्या आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत पाळल्या. त्यांचं आता मोठं कुटुंब झालं आहे. मी त्यावर काही बोलले नाही; काकूही बोलत नाहीत.

संध्याकाळी स्टूल अजून टाकीसमोरच लागतं. फरक एवढाच की काका मधेच थांबून स्वयंपाकघराकडे तोंड करतात आणि विचारतात, “ऐकतेस ना?” काकू आतून म्हणतात, मी कुठे ऐकतेय, मला कामं आहेत. मग काका तेवढा भाग पुन्हा, जरा मोठ्याने सांगतात. मधूनच साहेबांनी कवच फोडल्याचा कडक् असा आवाज येतो.

गेल्या महिन्यात माझी नवी कवळी आली. डबीत नेहमीची चिठ्ठी होती, त्याच वळणदार अक्षरात. ‘पहिले पंधरा दिवस मऊ खावे.’ त्याखाली नव्या शाईने एक ओळ वाढवली होती: ‘सोळाव्या दिवसापासून लाड बंद.’